मुंड्या जागेवर आहेत

"बसा की घडीभर, साहेब. डोंगर काही पळून चाललेला नाही," वरून आवाज आला.

भिंगकाका बसले नाहीत. एकदा बसलो तर पुन्हा उठवणार नाही, याची त्यांना पुरेपूर खात्री होती. सत्तावन्न वर्षांचं शरीर, त्यातली एकतीस वर्षं निवडीच्या टेबलामागे गादीच्या खुर्चीत काढलेली. अशा शरीराला चढ म्हणजे काय असतो ते तासाभरात कळून चुकलं होतं. आणि ही बाई! सत्तरीला टेकलेली, पाठीवर टोपली, हातात काठी, आणि चालतेय कशी, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायला निघाल्यासारखी. धाप नाही, काही नाही. उलट वाटभर तोंडाचा पट्टा चालूच.

"त्या दगडावर नका पाय देऊ, तो खोटा आहे. हां, त्याच्या पलीकडचा घ्या. तो खरा."

दगडही खरे-खोटे असतात हे भिंगकाकांना नवीनच होतं. वास्तविक खरं-खोटं ओळखणं हीच त्यांची भाकरी.

ते औषधी मुळ्या-पाल्याच्या एका लहानशा कारखान्यात पारखी होते. तीसेक माणसं कामाला. घशाचं औषध, सांध्यांचं तेल, पोटाचं चूर्ण, पायाच्या शेकाची पूड असा माल तिथे बनायचा. बाहेरून आलेली प्रत्येक मुळी, साल, पान आधी त्यांच्या टेबलावर पसरलं जाई. शर्टाच्या वरच्या खिशात पितळी कडीचं एक भिंग कायम असे, त्यावरून हे नाव पडलेलं. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. बायको म्हणायची, "लग्नाआधी मलाही त्या भिंगातून बघितलं असणार यांनी. तरी फसले ते फसलेच." काका यावर हसायचे, पण मनातून त्यांना आपल्या नजरेचा अभिमान होता, आणि तो काही फुकटचा नव्हता. त्यांनी मान हलवली की माल औषधात जायचा. नाही हलवली की पायाच्या पुडीत. एकतीस वर्षांत त्या मानेला कुणी आव्हान दिलं नव्हतं.

घशाचं औषध म्हणजे कारखान्याचा कळस. ते बनायचं घसामुळीपासून. पुस्तकात तिचं नाव वेगळं आहे, पण कारखान्यात सगळे घसामुळीच म्हणत. ही मुळी कोवळी असून चालत नाही. कोवळी मुळी म्हणजे नुसतं गोड पाणी. निदान पाच वर्षं जमिनीत मुरलेली हवी. आणि तिचं वय सांगते तिची मुंडी, म्हणजे मुळीचं वरचं टोक, जिथून पानं फुटतात ते. दर वर्षी पानं गळाली की मुंडीवर एक वळ उठतो. एक वळ, एक वर्ष. भिंगकाकांना ज्यांनी हे काम शिकवलं ते जुने पारखी म्हणायचे, "आधी मुंडी बघायची, मग तोंड उघडायचं." काकांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की मुंडीवाचून मुळी त्यांना दिसतच नसे.

आणि ही मावशी बावीस वर्षं बिनमुंडीचा माल आणत होती.

पहिल्यांदा आली तो दिवस काकांना लख्ख आठवत होता. टोपलीत मुळ्या कशा, तर स्वच्छ धुतलेल्या, सावलीत वाळवलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड. पण एकीलाही मुंडी नाही! वरून सफाईदार काप. काकांनी भिंग काढलं, मुळी फिरवून फिरवून बघितली आणि चढ्या आवाजात विचारलं, "मुंड्या कुठं गेल्या?"

"मुंड्या जागेवर आहेत, साहेब," मावशी म्हणाली.

निवडीला बसलेल्या बाया फिसकन हसल्या. एकीनं स्वतःची मान चाचपून पाहिली. काकांचा पारा चढला. त्यांना वाटलं, बाई आपली टर उडवतेय. कोवळा माल आणायचा, वय लपवायला मुंड्या छाटायच्या, वर तोंड करून बोलायचं! त्यांनी एक अक्षर न बोलता टोपली डावीकडे सारली आणि चिठ्ठीवर 'दोन' लिहिलं. दोन म्हणजे दुय्यम. दुय्यम म्हणजे पायाची पूड. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव पडलं मुंडीछाट मावशी. दर वर्षी पावसाळा सरला की ती यायची, टोपल्या रित्या करायची, चिठ्ठी घेऊन जायची. बावीस वर्षांत तिनं कधी घासाघीस केली नाही की काकांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

मग यंदा गंमत झाली. दूरवरून ट्रकनं मुंडीसकट मुळ्या पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचं पत्र आलं: माल मिळणार नाही, आमच्याकडचे डोंगर खणून संपले. कारखाना आता जुन्या मालकांच्या मुलीच्या हातात होता. सगळे तिला बाई म्हणत. वयानं चाळिशीची, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि काकांना बोलावलं.

"काका, दुसऱ्याचे डोंगर खणून आपण किती वर्षं औषध करणार? इथं आसपास कुणीच घसामुळी आणत नाही?"

"एक बाई आणते. पण दुय्यम."

"दुय्यम का?"

"मुंडी नसते."

"का नसते?"

बावीस वर्षं ज्या मालावर शिक्का मारला त्याचं एवढं साधं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. बसल्या खुर्चीवरून शेळ्या हाकण्यात जन्म गेला होता.

"उद्या जाऊन विचारून या," बाई म्हणाली. म्हणून हा डोंगर.

"आलं," मावशी म्हणाली आणि थांबली.

काकांनी गुडघ्यांवर हात टेकून श्वास गोळा केला आणि मान वर केली. समोर साधा उतार. गवत, झुडपं, मधूनमधून वर आलेले काळे खडक, थोडी झाडं. असा रानवट उतार आगगाडीच्या खिडकीतून शंभर वेळा दिसतो आणि माणूस पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतो.

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"त्यातच उभे आहात की."

काकांनी खाली पाहिलं. बुटाला लागून तीन बोटांसारखं फाटलेलं एक पान होतं. घसामुळीच! त्यांनी घाईनं पाय उचलला, तर ठेवायच्या जागीही तेच पान. डावीकडे तेच. मागे तेच. सत्तावन्न वर्षांचे पारखी एका पायावर बगळ्यासारखे उभे राहिले आणि मावशी पदर तोंडाला लावून हसली.

"टेका हो पाय! पानाला काही होत नाही. जीव खाली आहे तिचा."

काका सावकाश उकिडवे बसले. हातानं गवत बाजूला केलं. एक रोप. त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरं. हातभर अंतरावर तिसरं. आता नजर बसली होती, आणि एकदा बसल्यावर ती थांबेना. जिथं गवत दिसलं होतं तिथं घसामुळी दिसू लागली, जिथं झुडूप दिसलं होतं त्याच्या बुडाशी घसामुळी. खडकांच्या फटीत, झाडांच्या सावलीत, पार खाली ओढ्यापर्यंत, पार वर कड्यापर्यंत, हातभर, हातभर, हातभर. रान असं मोजून उगवत नाही.

"हे... कुणी लावलं?"

"अजून कोण येतंय इथं?" मावशी म्हणाली. टोपली उतरवून ती खाली बसली सुद्धा. "बघा आता. एकदा दाखवते, मग दिवसभर मला खणू द्या."

तिनं एका रोपाभोवती दोन विती सोडून पहारीनं माती सैल केली. जवळ आली तशी पहार ठेवून दिली आणि बोटं मातीत घातली. डोळे मिटले. तान्ह्या बाळाचं अंग चाचपावं तशी तिची बोटं आत फिरत होती, आणि तोंडानं हलकंच चाललं होतं, "हं, इकडं वळलीय बया... हं, ये." मुळी वर आली. अंगठ्याएवढी जाड, कोपरापर्यंत लांब, आणि माथ्यावर ओबडधोबड मुंडी. मावशीनं मुंडीखाली चार बोटं मोजली, दोन बारीक उपमुळ्या वरच्या बाजूला राहतील असं बघितलं आणि विळ्याच्या पात्यानं एकाच घावात काप घेतला. खालची मुळी टोपलीत. वरची मुंडी कापाच्या बाजूनं चिमूटभर राखेत बुडवून खडकावर ठेवली.

"जखम वाळू द्यायची जरा. ओली लावली तर कुजते," ती म्हणाली. "मग पलीकडच्या विश्रांती दिलेल्या मातीत लावायची. वर पालापाचोळा. सात वर्षं तिच्याकडं बघायचं नाही. सातव्या वर्षी परत एवढीच मुळी देते. मुळी आपली, मुंडी तिची. तिचं तिला द्यायला नको? सगळंच उपटून नेलं तर पुढच्या खेपेला काय, दगड आणू?"

काका खडकावरच्या त्या मुंडीकडे बघत राहिले. मुंड्या जागेवर आहेत, साहेब. मावशी टर उडवत नव्हती. ती विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत होती. बावीस वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर आज त्यांच्या कानात शिरलं, आणि कानशिलं तापली.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. आणि मुंडीवरचे वळ मोजायला सुरुवात केली. पाच, सात, नऊ. नऊ वळांची मुळी त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली होती आणि घरी जाऊन बायकोला सांगितली होती. इथं बारा झाले. वीस झाले. वळांना खेटून वळ, पिळदार, घट्ट. एकतीस झाले तेव्हा त्यांच्या मनात आलं, मी नोकरीला लागलो ते हे वर्ष. आणि तरी वळ संपेनात. त्यांना वाटलं आपण चुकलो. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"एक्केचाळीस," ते म्हणाले.

"असतील. थोरल्याच्या पाठची आहे ती. थोरला आता बेचाळीसचा." मावशी दुसऱ्या रोपाभोवती पहार घालत होती. "ह्यांनी आणल्या पहिल्या. खाणीत होते ना दगड फोडायला. धुरळ्यानं घसा धरलेला कायम. खाणीच्या तोंडाशी पाच रोपं होती. दुसऱ्या दिवशी तिथं सुरुंग लागणार होता. ह्यांनी रात्रपाळी संपवून जेवायच्या डब्यातनं आणली. म्हणाले, 'लाव कुठंतरी.' मी इथं लावली."

"पाच?"

"पाच. त्यातली एक मेली."

चार! भिंगकाकांनी पुन्हा उताराकडे पाहिलं. मावशी काठीनं दाखवत होती. त्या तिरक्या खडकापर्यंत यंदाची पट्टी, त्याच्या पलीकडची मागच्या सालची, तिच्या पलीकडची त्याच्या मागची. अशा सात पट्ट्या. दर वर्षी एकच खणायची, सहा झोपू द्यायच्या. मुंडी फार जाड झाली की तिच्या दोन करायच्या, बी पडेल ते पडू द्यायचं. "ही पट्टी लेकीच्या लग्नाची. ती तिथली, सासूबाई गेल्या त्या सालची, त्या वर्षी मन लागेना म्हणून वेड्यासारखी लावत सुटले होते. ती दाट झालीय बघा." आता काकांना पट्ट्याही दिसू लागल्या. हिरव्याच्या सात छटा, एकाला लागून एक, कड्यापासून ओढ्यापर्यंत. एका बाईनं एका काठीनं आणि एका पहारीनं एक अख्खा डोंगर उभा केला होता, आणि खालच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसांना त्यात नुसतं गवत दिसत होतं. त्यांनाही तेच दिसलं होतं. ते तर पारखी!

इतकी मोठी गोष्ट आपण आयुष्यात पाहिलेली नाही, असं त्यांना वाटलं. मोठमोठे पूल पाहिले होते, समुद्र पाहिला होता. तेव्हा असं झालं नव्हतं. ते उठले, तिच्या हातातली पहार मागून घेतली आणि दोन रोपांभोवतीची माती सैल करून दिली. तिसऱ्याला मावशीनं पहार काढून घेतली.

"राहू द्या, साहेब. तुमच्यानं मुळ्या तुटायच्या."

दुपारी परतताना वाटेत मावशीचं घर लागलं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत दोरीच्या जाळ्यांवर मुळ्या सावलीत पसरलेल्या, आणि प्रत्येक जाळीखाली उंदीर वर चढू नयेत म्हणून पाण्याची परात. सुनेनं चहा टाकला. काका खुर्चीत टेकले, आणि समोरच्या फळीवर त्यांची नजर गेली. तिथं एका माणसाचा फोटो होता, रुंद जबड्याचा, अवघडून हसणारा. फोटोशेजारी कारखान्याच्या घशाच्या औषधाची बाटली. तळाला दोन बोटं औषध उरलेलं.

"ही ह्यांची शेवटची," मावशी म्हणाली. "तीन वर्षं होतील. एवढं राहिलं. टाकवत नाही."

"हेच औषध घ्यायचे?"

"हेच! आधी मी मडक्यात उकळून द्यायचे. पण आपल्याला काय कळतंय किती उकळलं नि किती आटलं. मग तुमचा कारखाना माल घ्यायला लागला तसं मी मडकं ठेवून दिलं. ह्यांना म्हटलं, आता आपलीच मुळी शहाण्या हातांनी मोजून-मापून करून येतेय, बाटलीत भरून. ते प्यायचे कसे ठाऊक आहे? एक एक घोट तोंडात घोळवून. म्हणायचे, 'आपला डोंगर पितोय.'" ती हसली. "शेवटी शेवटी तर अन्न नकोच म्हणायचे, पण हे नाही म्हणाले नाहीत कधी."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दोन नंबरच्या टेबलावरनंच आत जातं ना माझं?" मावशीनं विचारलं. "चिठ्ठीवर दोन असतं ना नेहमी. सून विचारत होती परवा, दोन म्हणजे काय. मी म्हटलं, टेबलाचा नंबर असणार."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोघी काकांकडे बघत होत्या. आत्ताच सांगून टाकावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. फोटोतला माणूसही बघत होता.

"हं," भिंगकाका म्हणाले.

तो 'हं' त्यांच्या घशात काट्यासारखा अडकला. रात्रभर गेला नाही. बायकोनं विचारलं, "काय हो, डोंगरावर भूत बघितलंत का?" तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. डोंगर, सात पट्ट्या, एक्केचाळीस वळ, बाटली आणि 'हं'. नेहमी टोमण्याला तयार असलेली, पण या वेळी टोमणा आला नाही. मग म्हणाली, "ते 'हं' तुम्हालाच परत घ्यावं लागेल. दुसरं कोण घेणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गोदामात उरलेली मावशीची तीन पोती काढायला लावली आणि निवडीच्या टेबलावर, उजव्या बाजूला, स्वतः रिती केली. बाया बघत राहिल्या. एक म्हणाली, "काका, चष्मा विसरलात का? हे मुंडीछाट मावशीचं आहे."

"आजपासून तिला त्या नावानं हाक मारायची नाही," काका म्हणाले. "मुंडी छाटून ती परत लावते. म्हणून तिचा डोंगर आहे आणि ट्रकवाल्याचा संपला. बावीस वर्षं मी पहिल्या प्रतीचा माल पायाच्या पुडीत घातला. चूक तिची नव्हती. माझी होती. मी विचारलंच नाही."

बाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिनं टेबलावरची एक मुळी उचलली, मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले.

"दर वर्षी किती मिळेल?"

"ती देईल तेवढं. डोंगराचा सातवा भाग."

"त्यात निम्म्याच बाटल्या होतील."

"निम्म्याच होतील."

बाईनं थोडा विचार केला. "मग निम्म्याच करू," ती म्हणाली. "आणि काका, वय कसं ठरवणार आता? मुंडी तर येणार नाही."

"दर वर्षी मी तिथं जाऊन मोजून येईन," काका म्हणाले.

पंधरा दिवसांनी पहिली कढई उतरली. रंग नेहमीपेक्षा गडद, आणि वास असा की फाटकावरचा रखवालदार आत येऊन विचारून गेला. पहिली बाटली काकांनी कागदात गुंडाळली आणि तशीच हातात धरून मावशीच्या घरी गेले. मावशी पडवीत मुळ्या उलटत होती. सून विहिरीवर गेलेली.

"हे कशाला आणलंत? आहे की घरात," ती बाटली बघून म्हणाली.

काका उभेच राहिले. खुर्ची दिसत होती, पण बसायचा धीर होईना.

"मावशी, त्यात तुमचं नव्हतं."

"कशात?"

"त्या बाटलीत. कुठल्याच बाटलीत नव्हतं. दोन म्हणजे टेबल नाही. दोन म्हणजे दुय्यम. मला वाटलं, तुम्ही वय लपवायला मुंड्या छाटता. मी तुमचा सगळा माल पायाच्या शेकाच्या पुडीत घातला. बावीस वर्षं. यजमान प्यायले ती मुळी दुसरीच, ट्रकनं आलेली. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी 'हं' म्हणालो. ते खोटं होतं." त्यांनी बाटलीवरचा कागद सोडला. "ही पहिली बाटली. हिच्यात तुमचं आहे. दुसरं काहीच नाही."

मावशी हातातली मुळी तशीच धरून बसली. काकांना वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची त्यांनी वाटेत तयारी केली होती. ती फोटोकडे बघत होती. जाळीवर एक माशी येऊन बसली, तिनं ती हातानं उडवली.

"पायाच्या पुडीत?" तिनं विचारलं.

"हो."

"शेकले असतील कुणाचे तरी पाय," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिचा आवाज जागेवर नव्हता.

मग तिनं हात पुढे केला. काकांनी बाटली दिली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. झाकणात औषध ओतून एक घोट घेतला. लगेच गिळला नाही. तोंडात घोळवत राहिली, या गालातून त्या गालात.

"हां," ती म्हणाली. "हे आपलं."

आणि मग तिचे डोळे भरून आले.

"ह्यांना एवढंसं मिळालं असतं तर..." ती थांबली. डोळे पुसले. मान हलवली. "तर काही नाही. गेलेच असते. खाणीनं आतनं पोखरलेलं, त्याला मुळी काय करणार. पण आपलं पिऊन गेले असते."

काका पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांना मावशीची क्षमा मागायची होती, एवढं एक वाक्य वाटभर घोकत आणलं होतं. पण तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. घसा आवळलेला, शब्द फुटेना.

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. झाकण पदराच्या टोकानं नीट पुसलं, त्यात काठोकाठ औषध ओतलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "घसा बसलाय तुमचा."

भिंगकाकांनी ते झाकण दोन्ही हातांनी घेतलं.